कादंबरी तिची, नाव मुलाचे

१८६९ साली डेप्युटी नझीर अहमद यांची ‘मिरात-उल-उरूस’ आली. तिच्यातली असगरी शिकलेली, हिशेबी, घरातच मुलींना शिकवणारी. पण तिचे सगळे शहाणपण संसार सावरण्यासाठीच.

नझीर अहमद यांच्या पुस्तकांवरून स्फूर्ती घेऊन पाटण्याच्या रशीदुन्निसा यांनी १८८१ मध्ये ‘इस्लाह-उन-निसा’ लिहिली. मुलींचे शिक्षण आणि घरातल्या खर्चिक रूढी हा तिचा विषय. छापायला तेरा वर्षे लागली. १८९४ मध्ये ती निघाली तेव्हा लेखिकेचे नाव नव्हतेच. बॅरिस्टर सुलेमान यांची आई, अमक्यांची मुलगी, अमक्यांची बहीण, एवढीच ओळख.

त्याच दशकात हरिभाऊ आपट्यांची यमू ‘पण लक्षात कोण घेतो?’ मध्ये आपली कहाणी स्वतः सांगत होती. तिथे आवाज बाईचा, लेखणी पुरुषाची. पाटण्यात लेखणी बाईची, नावे पुरुषांची.

आजही काही घरांत निकाहाच्या दावतनाम्यावर नवरीचे नाव नसते. ‘दुख्तर’ एवढेच छापतात. हा दीनचा हुकूम म्हणावा, तर हजरत खदीजा आणि हजरत आयेशा यांची नावे आपण चौदाशे वर्षे अदबीने, उघड घेत आलो आहोत. मग आपल्या लेकीचेच नाव का झाकायचे?