कस आणि खूण

डिसेंबर 2020 मधली बातमी. चिखलीत बांधकामाच्या खोदाईत सोन्याची नाणी निघाली, ज्यांना सापडली त्यांनी ती गुपचूप घरात ठेवली आणि शेवटी पिंपरी-चिंचवड पोलिसांनी ती ताब्यात घेतली. 216 नाणी, वजन 2 किलो 357 ग्रॅम. गावभर चर्चा किमतीची. मी पेपरच्या कडेला भागाकार मांडला. नाण्यामागे 10.91 ग्रॅम. मोगली मोहर भरते ती एवढीच. नाण्यांवर नाव मुहम्मद शाहचं. तो 1719 ते 1748 दिल्लीच्या गादीवर होता. पावणेतीनशे वर्षं मातीत पडूनही वजनाला तूट नाही.

भागाकाराची ही खोड मला दोन ठिकाणांहून लागली. जन्म चाकणच्या सोनाराघरचा आणि नोकरी भोसरीच्या कारखान्यात, इन्स्पेक्शन खात्यात.

एकदा बाजारच्या दिवशी एक हमाल आमच्या दुकानात आला, गादीवर आमचे दादा होते. कांद्याच्या गोणीत त्याला वेढणं सापडलं होतं. "शेठ, खरं हाय का बघा." दादांनी ते तळहातावर घोळवलं, मग भिंगातून डाकाची जागा शोधली. डाकाचं सोनं हिणकस असतं, तिथे कस लावला तर आकडा चुकतो. ती जागा सोडून त्यांनी काळ्या कसोटीवर एक रेघ ओढली, शेजारी 22 कॅरटच्या काडीची दुसरी, आणि दोन्हींवर तेजाबाचा थेंब सोडला. पितळ असतं तर रेघ बघता बघता विरली असती. दोन्ही टिकल्या, काडीची जरा उजळ. दादा म्हणाले, "वीस, फार तर एकवीस." मग भिंग पुन्हा आतल्या बाजूला. तिथे झिजलेला दोन अक्षरांचा ठसा होता, खेडच्या एका सोनाराचा.

"खरं आहे," दादा त्याला म्हणाले, "पण तुझं नाही."

खेडला निरोप गेला. आठ दिवसांनी एक शेतकरीण आली, गोणी भरताना बोटातून निसटलेलं वेढणं घेऊन गेली आणि हमालाला साडीचोळीचे पैसे देऊन गेली. सोनं किती ते कसाने सांगितलं, कुणाचं ते खुणेने.

ही विद्या आमच्या पट्ट्याला नवी नाही. पेशवाईत चिंचवडला टांकसाळ होती, चाकणलाही होती. तेव्हा रुपये नाना टांकसाळींचे चालत, म्हणून नाणं पारखायला पोतदार लागे. तो नाणं वाजवून बघे, कस बघे, आणि जुन्या किंवा हलक्या नाण्याला बट्टा कापे. नावाला बट्टा लागतो असं आपण म्हणतो, तो शब्द याच हिशेबातला. सराफ तपासलेल्या रुपयावर आपला बारीक ठसा मारत. त्या काळच्या कितीतरी रुपयांवर असे ठसे दिसतात. ठसा म्हणजे 'हे मी पाहिलंय' अशी जबान.

जानेवारी 1963 मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं आणि 14 कॅरटच्या वर दागिना घडवायला बंदी झाली. 14 कॅरटचं मंगळसूत्र कोण घेणार? आमचे काका भट्टी विझवून पिंपरीच्या पेनिसिलीन कारखान्यात लागले. पुढे नियम सैल झाले, 1990 मध्ये कायदाच गेला. काका मात्र परतले नाहीत.

हॉलमार्क 2000 मध्ये आला. 16 जून 2021 पासून तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. आता दागिन्यावर तीन खुणा असतात: बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह, 22K916 सारखा शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी. 916 म्हणजे हजार भागांत 916 भाग सोनं. एचयूआयडी बीआयएस केअर ॲपवर टाकला की सराफाची नोंदणी आणि तपासणी केंद्र कळतं. मालकाचं नाव येत नाही, पण ज्या दुकानात बिल फाटलं असेल त्याची वाट सापडते. खेडच्या त्या ठशाचंच हे नवं रूप.

कारखान्यात आमच्याकडे मिश्रधातू ओळखायचं एक्स-रे यंत्र होतं; सराफाच्या काउंटरवरचं त्याच जातीचं. ते वरवरचा थरच वाचतं. मुलामा जाड असला की फसतं. म्हणून खात्री करायची तर आजही आगच लागते: कण कापून शिशाबरोबर भट्टीत घालायचा, सच्छिद्र मुशीत शिसं आणि हीण मुरू द्यायचं, चांदी तेजाबात काढायची आणि उरलं ते तोलायचं.

सापडलेलं सोनं मात्र आधी मोडीत घालू नका. वितळलं की कस उरतो, खूण जाते. रस्त्यात सापडलं तर पोलीस ठाण्यात द्या. जमिनीत पुरलेलं धन निघालं तर 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. धन बेवारस ठरलं, शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात आधीचा काही करार नसला, तर त्या कायद्यात शोधणाऱ्याचा वाटा तीन चतुर्थांश आहे. लपवलं, तर वाटा जातो आणि वर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.