बेंगळुरूची रेलबस : वारसा आणि भंगार यांच्या सीमेवर

बेंगळुरू : वाफेच्या इंजिनाला निवृत्तीनंतर स्थानकाबाहेर चौथरा मिळतो, राजघराण्याच्या सलून डब्याला संग्रहालयाचे छप्पर मिळते. डिझेलवर चालणाऱ्या एकडबी गाडीच्या वाट्याला मात्र बहुधा भंगाराचा लिलाव येतो. बेंगळुरूत तयार झालेल्या रेलबसच्या निमित्ताने हा प्रश्न ठळकपणे समोर येतो.

स्वतःच्याच डब्यात इंजिन असलेले प्रवासी वाहन म्हणजे रेलकार. रेलबस हा तिचा सर्वांत साधा प्रकार. दोन आस, चार चाके, बसच्या धर्तीचे हलके शरीर आणि लहान डिझेल इंजिन, एवढ्यावर ती चालते. स्वतंत्र इंजिन जोडणे-सोडणे नसल्याने कमी प्रवाशांच्या शाखामार्गांवर तिचा खर्च परवडतो. 1990च्या दशकात भारतीय रेल्वेसाठी अशा मोजक्या रेलबस बेंगळुरूच्या बीईएमएल (पूर्वीची भारत अर्थ मूव्हर्स लिमिटेड) या सार्वजनिक उपक्रमाने बांधल्या. 1964 मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीकडे रेल्वे डबे बांधण्याचे काम हिंदुस्थान एअरक्राफ्टकडून, म्हणजे विमानांच्या कारखान्याकडून आले होते. पुढे ‘नम्म मेट्रो’चे डबेही याच कंपनीने पुरवले. रेलबस ही या दोन टप्प्यांमधली, फारशी आठवली न जाणारी कडी.

बेंगळुरूच्या परिसरात ही गाडी ओळखली गेली ती बंगारपेट–कोलार मार्गामुळे. म्हैसूर संस्थानाच्या काळात, 1913 मध्ये, बौरिंगपेट (आजचे बंगारपेट) ते कोलार हा 762 मिलिमीटर रुंदीचा नॅरोगेज मार्ग सुरू झाला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत चिक्कबळ्ळापूरमार्गे यलहंकापर्यंत त्याची सांधणी झाली. रेल्वेचा एकगेज कार्यक्रम 1992 मध्ये सुरू झाल्यावर हा मार्ग एकसंध न राहता तुकड्यातुकड्याने बदलत गेला. बंगारपेट–कोलार हा सुमारे 18 किलोमीटरचा तुकडा ब्रॉडगेज झाला; कोलारच्या पुढचे रूपांतर मात्र रखडले. एका टोकाला मुख्य मार्ग आणि दुसऱ्या टोकाला पुढे रूळच नाहीत, अशा या अर्धवट मार्गावर पूर्ण लांबीची गाडी तोट्याची ठरली असती. रेलबस तेथे नेमकी बसली. 2013 मध्ये चिक्कबळ्ळापूर–कोलार ब्रॉडगेज मार्ग सुरू झाला, बेंगळुरूपर्यंतची सलग वाट पुन्हा जोडली गेली आणि रेलबसच्या अस्तित्वाचे कारणच उरले नाही. तिचे जाणे हे अपयश नव्हते, पण त्यामुळे तिच्या जतनासाठी आवाजही उठला नाही.

कर्नाटकातच शिवमोग्गा–तळगुप्पा या मीटरगेज मार्गावरही रेलबस धावत असे. जोग धबधब्याकडे जाणारा हा मार्ग 2011 पर्यंत ब्रॉडगेज झाला. याच मार्गावरील अरसाळू स्थानकात शंकर नाग यांच्या ‘मालगुडी डेज’ मालिकेचे चित्रीकरण झाले होते आणि आज तेथे मालगुडीच्या नावाचे संग्रहालय उभे आहे. कल्पित गावाची आठवण जपली गेली. खऱ्या प्रवाशांना रोज नेणाऱ्या गाडीला तशी लोकप्रिय कथा लाभली नाही.

डिझेल रेलकारच्या जतनातली अडचण भावनेइतकीच तांत्रिक आहे. वाफेचे इंजिन बंद अवस्थेतही पाहणाऱ्याला आपले काम उलगडून दाखवते. त्याचे दट्टे आणि दांडे उघड्यावर असतात. रेलबसचे यंत्र पत्र्याआड दडलेले. बंद पडलेली रेलबस नवख्या माणसाला जुन्या एसटीसारखीच दिसते. पातळ पत्र्याचे शरीर उघड्यावर पावसात लवकर गंजते, आणि मोजक्याच बांधलेल्या वाहनांचे सुटे भाग मिळणेही दुरापास्त. एखादे वाहन सेवेतून बाद ठरवून लिलावात निघाले की ते वाचवण्याची वेळ जवळजवळ टळलेली असते. निर्णय त्याआधी व्हावा लागतो, नेमका त्या काळात जेव्हा ते कोणालाच जुने वाटत नसते.

कालका–शिमला मार्गाचा अनुभव याहून वेगळा आहे. तेथे 1927 पासूनच्या, लंडनच्या ड्र्यूरी कार कंपनीच्या, मोटारीसारखे बॉनेट असलेल्या रेल मोटार कार आजही ओळखीच्या आहेत. त्यांची मूळ पेट्रोल इंजिने बदलून डिझेल इंजिने बसवण्यात आली. काटेकोर जतनाच्या दृष्टीने ही तडजोडच; पण त्या तडजोडीमुळेच त्या धावत्या राहिल्या. 2008 मध्ये हा मार्ग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला, तेव्हा रुळांइतकेच या वाहनांचेही महत्त्व वाढले. महाराष्ट्रातील माथेरानच्या डोंगरी रेल्वेची जुनी रेलकार दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात पोहोचली, ती मात्र प्रदर्शनीय वस्तू म्हणून.

बेंगळुरूपासून सर्वांत जवळचे उदाहरण म्हैसूरमध्ये आहे. 1979 मध्ये स्थापन झालेल्या तेथील रेल्वे संग्रहालयात ऑस्टिन कंपनीची एक मोटार आहे. रस्त्यावरच्या या गाडीला लोखंडी चाके बसवून तिला रुळांवर आणले गेले. 1925च्या या मोटारीला जागा मिळाली ती तिच्या विचित्रपणामुळे. बसच्याच कल्पनेतून जन्मलेल्या बेंगळुरूच्या रेलबसची वंशावळ याच मोटारीपाशी जाऊन पोहोचते.