सहा सेकंदांची डुलकी, नऊ तासांचा खोळंबा

डिसेंबर 1989, महिन्याचा मध्य
अमेरिकेतली एटी अँड टी कंपनी लांब पल्ल्याच्या, म्हणजे आपल्या भाषेत एसटीडीच्या, 114 एक्स्चेंजमध्ये सुधारित सॉफ्टवेअर चढवते. हेतू चांगलाच होता. एक्स्चेंज बंद पडून सावरलं की ते शेजाऱ्यांना ‘मी परत आलो’ असा वेगळा निरोप धाडायचं. आता तो निरोप वगळला. त्याच्याकडून नवा कॉल आला की शेजाऱ्याने ओळखायचं, गडी उठला. तेवढाच वेळ वाचला. महिनाभर कुणाची तक्रार नाही.

सोमवार, 15 जानेवारी 1990, दुपारी 2:25
मार्टिन ल्यूथर किंग दिनाची सुट्टी. न्यूयॉर्कच्या एका एक्स्चेंजला स्वतःतच काहीतरी बिनसल्याचं जाणवतं. ‘तूर्त कॉल पाठवू नका,’ असं शेजाऱ्यांना कळवून ते रीसेट होतं. चार ते सहा सेकंदांचं काम. रीसेटची सोय अशा बिघाडासाठीच होती.

2:25 नंतरचे काही सेकंद
न्यूयॉर्क उठतं, थांबलेले कॉल भराभर पाठवू लागतं. शेजारचं एक्स्चेंज पहिल्या कॉलच्या निरोपावरून ‘न्यूयॉर्क चालू’ अशी नोंद करायला घेतं. ती पुरी होण्याआधीच, सेकंदाच्या शंभराव्या हिश्शात, दुसरा निरोप येऊन थडकतो. एरवी हे निभावलं असतं. पण नव्या कोडमध्ये सी भाषेतला ‘ब्रेक’ भलत्या जागी बसला होता. प्रोग्राम काम अर्धवट टाकून मधूनच बाहेर पडला आणि माहिती बिघडली. माहिती बिघडली की रीसेट व्हायचं, हा नियम. राखीव प्रोसेसर होता, पण त्यातही सॉफ्टवेअर तेच. मग हे एक्स्चेंज शेजाऱ्यांना थांबायला सांगून बसलं, सहा सेकंदांनी उठलं आणि त्यांचीही तीच गत केली.

पुढची काही मिनिटं
न्यू जर्सीतल्या बेडमिन्स्टरच्या नियंत्रण कक्षात पडद्यांच्या भिंतीवर लाल खुणा पसरू लागतात. एकाकडे बघावं तर ते सावरलेलं, तोवर दुसरं आडवं. सुटं तपासलं तर एकही यंत्र नादुरुस्त नाही. रोग दोन एक्स्चेंजमधल्या निरोपांत होता. आज मेसेज ब्रोकरांचं जाळं सांभाळणाऱ्यांनी इथे जरा थांबावं: प्रत्येक नोडपुढे हिरवा दिवा आहे, यावरून त्यांच्यातल्या जोडण्या धड आहेत असं ठरत नाही.

दुपार ते रात्र
नेहमीचे उपाय करून झाले, एकही लागू पडला नाही. कंपनीच्या जाळ्यावरचे निम्म्याच्या आसपास कॉल लागतच नव्हते. फोनवर चालणारी विमानांची आरक्षणं अडली. सुट्टी नसती तर काय झालं असतं, याची कल्पनाही नको.

रात्री 11:30
शेवटी अभियंत्यांनी निरोपांच्या वाटेवरचा भार कमी केला. दोन निरोपांत श्वास घेण्याएवढं अंतर पडलं आणि रीसेटचं चक्र थांबलं. कोडमधली चूक तशीच होती, तिला फक्त संधी मिळेनाशी झाली. त्यानंतर जुनं सॉफ्टवेअर परत चढवलं गेलं, वेगळ्या निरोपासकट.

पुढे
कंपनीचं नुकसान 6 कोटी डॉलरच्या घरात गेल्याचं सांगतात. भरपाई म्हणून 14 फेब्रुवारीला, व्हॅलेंटाइन डेला, ग्राहकांना कॉलच्या दरात सवलत देण्यात आली.