एकदा सिझेरियन, मग नेहमीच सिझेरियन?
एका नियमाची शंभर वर्षे

राजगड आणि तोरणा या किल्ल्यांच्या परिसरात, नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर विंझर हे गाव आहे. वेल्हे तालुक्याचे नाव शासनाने २०२४ साली राजगड असे केले. ज्या किल्ल्यावरून हे नाव आले, त्याच किल्ल्यावर १६७० साली राजाराम महाराजांचा जन्म झाला. बाळ पालथे जन्मले, असे बखरीत सांगितले आहे. पालथे मूल म्हणजे अपशकुन, म्हणून मंडळी धास्तावली. शिवाजी महाराजांनी मात्र हा मुलगा पातशाही पालथी घालील असा अर्थ लावला. ही गोष्ट आपण शाळेत आवडीने सांगतो. अशा अवघड बाळंतपणांत आयांचे काय होत असे, हा प्रश्न मात्र आपण वर्गात सहसा विचारत नाही.

बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, असे आपल्याकडे म्हणतात ते उगीच नाही. बाई अडली की पूर्वी सुईणीच्या अनुभवापलीकडे काही उपाय नसे. आज याच खोऱ्यातल्या घरांत एक नवाच प्रश्न ऐकू येतो. पहिले मूल सिझेरियनने झालेल्या सुनेला पुन्हा दिवस राहिले, की सासू विचारते, "या खेपेला तरी नॉर्मल होईल का?" शेजारीण लगेच सांगते, "एकदा पिशवीला टाके पडले की दरवेळी पोट फाडावंच लागतं." शेजारणीचे हे वाक्य तिच्याही नकळत विंझरला पोचले आहे न्यूयॉर्कहून. त्याचा प्रवास आपण पाहू.

प्रश्न केव्हा जन्माला आला?

पोट चिरून मूल काढण्याची कल्पना फार जुनी आहे. आई मृत झाली असेल आणि पोटातले मूल हालत असेल, तर शल्यवैद्याने पोट चिरून ते बाहेर काढावे, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. रोमन कायद्यातही असा नियम होता. ज्युलियस सीझर असा जन्मला म्हणून शस्त्रक्रियेला हे नाव पडले, असे बरेचदा सांगतात. पण सीझरची आई ऑरेलिया त्यानंतर अनेक वर्षे जिवंत होती, आणि त्या काळी जिवंत बाई या शस्त्रक्रियेतून वाचणे जवळजवळ अशक्य होते.

हे अशक्य का होते? एकोणिसाव्या शतकात भूल देणे शक्य झाले तरी चिरलेले गर्भाशय शिवत नसत. गर्भाशय आपोआप आकुंचन पावते, शिवण्याची गरज नाही, अशी समजूत होती. बाई रक्तस्रावाने किंवा जंतुसंसर्गाने दगावे. १८७६ साली इटलीतील पाव्हिया येथे एदुआर्दो पोरो यांनी मूल बाहेर काढल्यावर गर्भाशयच कापून टाकले. त्यामुळे बाई वाचली, पण पुन्हा आई होण्याचा प्रश्न कायमचा मिटला. १८८२ साली जर्मनीतील मॅक्स सेंगर यांनी गर्भाशयाचा छेद काळजीपूर्वक शिवण्याची पद्धत मांडली. आता आई वाचू लागली आणि तिचे गर्भाशयही राहू लागले.

म्हणजे सिझेरियननंतरचे बाळंतपण कसे करावे, हा प्रश्न एका अर्थाने १८८२ नंतरचा आहे. त्याआधी तो विचारायला सहसा कोणी उरतच नसे.

नियम आणि त्याची कारणे

१९१६ साली न्यूयॉर्कमधील प्रसूतितज्ज्ञ एडविन क्रॅगिन यांनी एका लेखात 'एकदा सिझेरियन की नेहमी सिझेरियन' हा नियम नोंदवला. पुढे हे वाक्य जगभर गेले. पण क्रॅगिन यांच्या म्हणण्याचा रोख वेगळा होता. उठसूट सिझेरियन करू नका, कारण पहिल्या शस्त्रक्रियेने पुढच्या सगळ्या बाळंतपणांवर ओझे पडते, असा इशारा ते आपल्या व्यवसायबंधूंना देत होते. या नियमाला अपवाद आहेत, हेही त्यांनी त्याच लेखात सांगितले. त्यांच्या स्वतःच्या एका रुग्ण स्त्रीला सिझेरियननंतर तीन मुले नैसर्गिक रीतीने झाली होती. वाक्य पुढे गेले. इशारा आणि अपवाद मागे राहिले.

त्या काळात या नियमाला सबळ कारणे होती. पहिले कारण छेदाच्या जागेचे. गर्भाशयाचे दोन भाग कल्पावेत. वरचा भाग जाड स्नायूंचा. कळा येतात तेव्हा तो जोराने आकुंचन पावतो आणि मुलाला खाली ढकलतो. खालचा भाग पातळ. कळांच्या वेळी तो ताणला जातो आणि वाट करून देतो. क्रॅगिन यांच्या काळी छेद वरच्या भागात उभा घेत. तो व्रण नेमका जोर करणाऱ्या भागात येई, आणि पुढच्या बाळंतपणात तेथे गर्भाशय फाटण्याचा धोका मोठा असे. अशा उभ्या छेदाबाबत हा धोका आजही शेकडा ४ ते ९ इतका मानला जातो.

दुसरे कारण शस्त्रक्रिया ज्यासाठी होई त्याचे. लहानपणी मुडदूस झालेल्या बायकांची कटी अरुंद राही, आणि तेव्हाची बरीच सिझेरियन अशा अरुंद कटीसाठी होत. हाडांची रचना पुढच्या खेपेला बदलत नाही. त्यामुळे जे कारण पहिल्या वेळी होते, तेच दुसऱ्या वेळीही असे.

छेद बदलला, नियम राहिला

ग्लासगोचे मन्रो कर यांनी १९२०च्या दशकात गर्भाशयाच्या खालच्या भागात आडवा छेद घेण्याचा आग्रह धरला. येथे रक्त कमी जाते, शिवण चांगली जमते आणि व्रण जोर करणाऱ्या भागात येत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही पद्धत सर्वत्र रूढ झाली. प्रतिजैविके आली, रक्तपेढ्या आल्या. सिझेरियनची कारणेही बदलली. मूल पायाळू असणे, कळांच्या वेळी मुलाच्या हृदयाचे ठोके बिघडणे अशी कारणे दरवेळी येतीलच असे नसते.

नियमाच्या मुळाशी असलेल्या दोन्ही गोष्टी अशा बदलल्या. युरोपातील अनेक डॉक्टर दुसऱ्या खेपेला नैसर्गिक प्रसूतीची संधी देऊ लागले. अमेरिकेत मात्र जुने वाक्य टिकले. तिथले सिझेरियनचे प्रमाण १९७० साली शेकडा ५.५ होते, ते १९८० साली १६.५ झाले. तेव्हा तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची परिषद बोलावली, आणि योग्य स्त्रियांना नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करू द्यावा असे मत पुढे आले. त्यानंतर लंबक दुसऱ्या टोकाला गेला. १९९६ पर्यंत आधी सिझेरियन झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे २८ टक्के नैसर्गिक रीतीने बाळंत होऊ लागल्या. काही विमा कंपन्या खर्च वाचवण्यासाठी त्याचा आग्रहही धरू लागल्या. मग गर्भाशय फाटल्याच्या घटना पुढे आल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या, नियम कडक झाले, आणि काही वर्षांतच हे प्रमाण १० टक्क्यांच्या खाली घसरले.

आकडे काय सांगतात?

२००४ साली अमेरिकेतील एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. आधी सिझेरियन झालेल्या १७,८९८ स्त्रियांनी नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न केला होता. त्यांपैकी सुमारे ७३ टक्के यशस्वी झाल्या. १२४ जणींचे गर्भाशय फाटले, म्हणजे हजारात सुमारे ७.

हा आकडा लहान की मोठा? हजारांतल्या ९९३ जणींच्या दृष्टीने लहान. उरलेल्या सात जणींच्या दृष्टीने मात्र सगळे काही मिनिटांवर येऊन ठेपते. तेवढ्या वेळात शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ आणि रक्त हाताशी असावे लागते. औषध देऊन कळा सुरू केल्या तर धोका वाढतो. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कळा आपोआप सुरू झालेल्या स्त्रियांत हे प्रमाण हजारी ५ होते, तर प्रोस्टाग्लँडिन हे औषध वापरलेल्यांत हजारी २४ हून अधिक.

मग सरळ सिझेरियनच का करू नये? कारण तिथेही हिशेब आहे, फक्त तो पुढच्या खेपेला मांडला जातो. प्रत्येक सिझेरियनने गर्भाशयावर आणखी एक व्रण पडतो. पुढच्या वेळी वार खाली, त्या व्रणावर रुजली, तर ती गर्भाशयाच्या भिंतीत खोलवर रुतण्याची भीती असते. ती सुटत नाही, प्रचंड रक्तस्राव होतो आणि अनेकदा गर्भाशय काढावे लागते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वार खाली असलेल्या स्त्रियांमध्ये ती अशी रुतलेली असण्याचे प्रमाण पहिल्या सिझेरियनच्या वेळी शेकडा ३, दुसऱ्याच्या वेळी ११ आणि तिसऱ्याच्या वेळी ४० आढळले. दोन मुलांवर थांबणाऱ्या आणि दुसऱ्या सिझेरियनबरोबरच कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या बाईला हा धोका फारसा भेडसावत नाही. तिसऱ्या मुलाचा विचार असणाऱ्या बाईचा हिशेब वेगळा. दोघींना एकच उत्तर देता येत नाही.

विंझरहून पाहताना

आपल्या देशात हा प्रश्न आता थोड्या घरांपुरता राहिलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १९९८-९९ मध्ये भारतात शंभर बाळंतपणांपैकी सुमारे ७ सिझेरियनने होत. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण २१.५ झाले, महाराष्ट्रात २५.४. देशभरातील खाजगी रुग्णालयांत ते ४७.४ आणि सरकारी रुग्णालयांत १४.३ होते. आज पहिल्यांदा सिझेरियन होणारी प्रत्येक बाई उद्या हा प्रश्न घेऊन येणार आहे.

अमेरिकेतील ते आकडे रुग्णालयांत बाळंत झालेल्या स्त्रियांचे आहेत, हे विसरून चालणार नाही. डोंगरातल्या वाडीवर, पावसाळ्याच्या रात्री कळा सुरू झाल्या तर हजारी सात हा आकडा तोच राहील, पण त्या सातांचे काय होईल ते बदलेल. २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात बाळंतपण आणि सिझेरियन विनामूल्य आहे. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. या मोठ्याच सोयी आहेत. पण रुग्णवाहिका अंतर कापते, नाहीसे करत नाही. म्हणून विंझरच्या बाईसाठी 'कसे' या प्रश्नाआधी 'कुठे' हा प्रश्न येतो. चोवीस तास शस्त्रक्रिया करू शकणारे आणि रक्त उपलब्ध असलेले रुग्णालय आधी ठरवावे. दिवस भरत आले की त्याच्या जवळच्या नातेवाइकांकडे राहायला जावे. शेवटी सिझेरियन करायचे ठरले, तरी हे केलेले वाया जात नाही, कारण ठरलेल्या तारखेआधीही कळा सुरू होऊ शकतात.

दुसरी गोष्ट कागदाची. पोटाच्या कातडीवरचा व्रण पाहून आतला छेद उभा होता की आडवा, हे सांगता येत नाही. ते शस्त्रक्रियेच्या नोंदीतच सापडते. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. दुसऱ्या वेळी बाई सासरी असते आणि कागद माहेरच्या ट्रंकेत. मग डॉक्टरांना आतल्या छेदाची खात्री देता येत नाही, आणि बऱ्याचदा तेवढ्यानेच निर्णय सिझेरियनकडे झुकतो. तो कागद मागून घेणे आणि जपून ठेवणे हे काम कोणत्याही घराला जमण्यासारखे आहे.

तिसरी गोष्ट विचारण्याची. पहिले सिझेरियन कशासाठी झाले? छेद कसा होता? त्याला दीड-दोन वर्षे तरी लोटली आहेत का? मूल या वेळी डोक्याकडून आहे का, वार कुठे आहे? आधी एखादे बाळंतपण नैसर्गिक झाले आहे का? ते झाले असेल तर यशाची शक्यता बरीच वाढते. हे प्रश्न सातव्या-आठव्या महिन्यात, दवाखान्यात शांतपणे विचारायचे आहेत. कळा सुरू झाल्यावर विचारायला सवड नसते, आणि तेव्हा उत्तर देणारी व्यक्ती ती बाई नसून भलतीच कोणीतरी असते. आकडे आणि नोंदी तिच्यापुढे ठेवून निर्णय तिच्याशी बोलूनच व्हायला हवा.

आपल्या वर्गातल्या मुली काही वर्षांत या प्रश्नापुढे उभ्या राहतील, आणि मुलगे त्यांच्या शेजारी. नववी-दहावीत शेकडेवारी आणि संभाव्यता शिकवताना हजारी सात म्हणजे काय, हे उदाहरण घेता येईल. त्याबरोबर आणखी एक सवय लावता येईल. कोणी नियम सांगितला की तो कधी झाला, कोणत्या परिस्थितीत झाला आणि ती परिस्थिती आज आहे का, हे विचारायचे. 'एकदा सिझेरियन की नेहमी सिझेरियन' हे वाक्य १९१६ सालच्या उभ्या छेदाबद्दल बऱ्याच अंशी खरे होते. आपल्यासमोरच्या बाईबद्दल ते खरे आहे की नाही, हे तिचा कागद उघडल्याशिवाय कळणार नाही.