कुकरीचें पाणी

गुरखा म्हटला कीं त्याच्या कमरेची वांकडी कुकरी डोळ्यांपुढें उभी राहते. ती चालविणाऱ्या हाताचें कौतुक इतिहासानें पुष्कळ केलें. ती घडविणाऱ्या हाताकडे मात्र त्याचें फारसें लक्ष गेलें नाहीं.

सन १८१४ मध्यें ईस्ट इंडिया कंपनी व नेपाळ यांच्यांत युद्ध जुंपलें. डेहराडूननजीक नालापानी येथील लहानशा गढींत बलभद्र कुंवर सुमारें ६०० माणसांनिशीं ठाण मांडून बसला होता. त्यांत बायकामुलेंही होतीं. ३१ ऑक्टोबरच्या हल्ल्यांत कंपनीचा सेनापति जनरल गिलेस्पी पडला. तोफांनीं जें साधेना, तें शेवटीं गढीचें पाणी तोडून साधलें, आणि नोव्हेंबरअखेर उरलेले थोडे लोक गढी सोडून गेले. शत्रूही या शौर्यावर इतका लुब्ध झाला कीं, युद्ध पुरतें संपण्यापूर्वींच, १८१५ सालीं, कंपनीनें गुरख्यांच्या पलटणी उभारण्यास आरंभ केला. त्या पलटणींबरोबर कुकरीचें नांव जगभर गेलें.

हें शस्त्र घडविण्याचें काम नेपाळांत कामी जातीकडे परंपरेनें आलेलें आहे. हे लोक विश्वकर्मा हें आडनांवही लावतात. पूर्व नेपाळांतील भोजपूर या कामासाठीं विशेष प्रसिद्ध आहे. नेहमीच्या कुकरीचें पातें १० ते १२ इंचांचें असतें. परंतु दसऱ्याच्या बळीसाठीं लागणारी कुकरी याहून पुष्कळ मोठी, कित्येकदां दोन्ही हातांनीं पेलावी लागेल अशी असते. रेड्याची मान एकाच घावांत उतरली पाहिजे, असा संकेत आहे. म्हणून अशा पात्यांत लोहाराची खरी परीक्षा होते.

आज पोलाद बहुधा मालमोटारीच्या जुन्या कमानपाट्याचें घेतात. भात्याच्या वाऱ्यावर तें लालभडक झालें कीं मुख्य कारागीर तें सांडशीनें ऐरणीवर धरतो आणि लहान हातोड्यानें जागा दाखवितो. समोरचा साथीदार नेमका तेथें घण घालतो. लांब पातें एका वेळीं सबंध तापत नाहीं. एक भाग घडवावा तों दुसरा निवतो, म्हणून तें भागाभागानें पुढें न्यावें लागतें. त्यांत आणखी एक अडचण अशी कीं, कुकरीची धार वांकाच्या आंतल्या अंगास असते. ठोकून धार पातळ करूं लागावें तों ती लांबते, आणि आधीं दिलेला वांक उलगडूं पाहतो. तो पुन्हा पुन्हा सांवरून घ्यावा लागतो.

इतकें सारें करूनही पातें मऊच राहतें. त्यास प्राण येतो तो पाण्यानें. धार पुन्हा लाल तापवून कारागीर किटलीच्या तोटींतून बारीक धारेनें पाणी सोडतो, तें केवळ धारेवर, पाठीवर नाहीं. त्यामुळें धार कठीण होते आणि पाठ चिवट राहते. सगळेंच पातें कठीण झालें तर तें हाडावर आदळतांच तडकेल. पाणी कमी पडलें तर धार दुमडेल. या पाण्याला माप नाहीं. लोखंडाचा रंग आणि पाण्याचा चर्र आवाज, हेंच त्याचें माप; आणि तें बापाच्या शेजारीं बसून मुलानें शिकावयाचें असतें. मराठी लोहारही यालाच 'पाणी देणें' म्हणतो, आणि मराठींत तलवार पाणीदार असते तसा माणूसही पाणीदार असतो.

परंतु पात्याला पाणी देणाऱ्या या माणसाच्या वांट्यास पाणी निराळ्याच रूपानें आलें. जंगबहादूर राणाच्या कारकीर्दींत, १८५४ सालीं, नेपाळांत 'मुलुकी ऐन' हा कायदा झाला. त्यानें सर्व जातींची उतरंड लावली, आणि ती लावतांना कोणाच्या हातचें पाणी चालतें हीच कसोटी धरली. कामी जातीस त्यानें शेवटच्या वर्गांत घातलें: ज्यांच्या हातचें पाणी चालत नाहीं, आणि ज्यांना शिवल्यास अंगावर पाणी शिंपडून शुद्ध व्हावें लागतें, असा हा वर्ग. बलुत्यासारखीच तेथेंही रीत होती. वर्षभर विळे, कोयते, फाळ शेवटून द्यावे आणि सुगीला धान्य घ्यावें. लोहाराचें लोखंड यजमानाच्या देवघरापर्यंत जाई, दसऱ्याला त्याची पूजाही होई; लोहार मात्र उंबऱ्याबाहेर थांबे.

१९६३ च्या नव्या कायद्यानें या उतरंडीचा सरकारी आधार काढून घेतला, आणि २०११ सालीं अस्पृश्यता पाळणें हा स्वतंत्र कायद्यानें शिक्षापात्र गुन्हा ठरला. तरी खेड्यांतील पाणवठ्यांवर जुन्या रीतीच्या खुणा अजून पुरत्या पुसलेल्या नाहींत. जुनी विद्या बुडत चालली, मुलें भट्टीपाशीं बसत नाहींत, अशी हळहळ पुष्कळांस वाटते. ती रास्त आहे. परंतु ज्या धंद्याबरोबर अपमानही वारशानें मिळतो, तो मुलानें सोडला तर दोष मुलाचा कसा म्हणावा?

दसऱ्याला ज्या घरीं कुकरीपुढें फुलें वाहतात, त्या घरीं तिच्या कर्त्याला आंत बसवून त्याच्या हातचें पाणी निःशंकपणें प्यालें जाईल, त्या दिवशीं त्या पात्याचें ऋण फिटलें असें म्हणतां येईल.