शरणपूरची आफ्रिकी मुले

आफ्रिकेतल्या अनाथ मुलांसाठी राबणारा ख्रिस्ती सेवक म्हटले की युरोपातून किंवा अमेरिकेतून गेलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. पूर्व आफ्रिकेचा एकोणिसाव्या शतकातला इतिहास पाहिला तर ही समजूत टिकत नाही. मोम्बासाच्या परिसरात मुलांना अक्षरे गिरवायला शिकवणाऱ्या, त्यांच्या हाती रंधा देणाऱ्या आणि प्रार्थना चालवणाऱ्या पहिल्या पिढीतले कितीतरी जण नाशकात वाढलेले होते. तेही आफ्रिकेचेच, लहानपणी गुलाम म्हणून विकले गेलेले. मिशनच्या इतिहासात त्यांना मदतनीस म्हणून जागा मिळते. माझ्या मते त्या कामाचे खरे कर्ते तेच होते.

चर्च मिशनरी सोसायटी १८३२ मध्ये नाशकात आली. विल्यम साल्टर प्राइस यांनी १८५० च्या दशकात शहराबाहेर शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत वसवली. त्या काळी ब्रिटिश आरमार हिंदी महासागरात गुलामांनी भरलेली अरबी गलबते पकडत असे आणि सुटलेली मुले मुंबईत उतरवत असे. त्यांतली बरीच १८६० पासून शरणपूरच्या आफ्रिकी आश्रमात येऊ लागली. तिथे शाळा होती, सुतारकाम, लोहारकाम आणि शेतीही होती. याओ किंवा दुसरी कुठली मायबोली घेऊन आलेली ही मुले इंग्रजी शिकत आणि मराठी-हिंदुस्थानीच्या सहवासात मोठी होत. नावे मात्र मिशनने दिलेली. सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग, केरस फरार यांची आडनावे सरळ नाशिकच्या मिशनऱ्यांची आहेत.

इथेच पहिला आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. नाव, धर्म, धंदा सारेच दुसऱ्यांनी ठरवले असेल तर हे एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाणेच नव्हे काय? मुलांना निवड नव्हती, हे मान्यच केले पाहिजे. पण मोठेपणी त्यांनी जे केले तेही तोलायला हवे. त्यांतले विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड १८६४ मध्ये मोम्बासाजवळच्या रबाईच्या मिशन केंद्रात गेले. पुढे जोन्स रबाईचे काम सांभाळत असताना मालकांकडून पळालेले गुलाम तिथे आसरा घेऊ लागले. किनाऱ्यावरचे मालक चिडले, हल्ल्याच्या धमक्या आल्या, तरी रबाईने आसरा देणे थांबवले नाही. अखेर १८८८ मध्ये त्या किनाऱ्याचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश कंपनीला मालकांना मोबदला देऊन सुमारे १,४०० जणांची मुक्तता करावी लागली. नुसत्या आज्ञाधारकपणातून असा धीर येत नाही. गुलामगिरी स्वतः भोगलेल्या माणसाने दार उघडे ठेवले होते.

दुसरा आक्षेप आफ्रिकेचा शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या रोजनिशीतून निघतो. १८६६ च्या प्रवासात सोबत घेतलेल्या नाशिकच्या मुलांबद्दल त्याने आळसाच्या कडवट तक्रारी लिहिल्या आहेत. पण अनोळखी रानातून महिनोन्‌महिने चालवणाऱ्या नायकाची ही एकतर्फी साक्ष आहे, आणि तिच्यासमोर ठेवायला दुसरी साक्षही आहे. त्या तुकडीतला एडवर्ड गार्डनर शेवटपर्यंत त्याच्याबरोबर राहिला. १८७२ मध्ये नाशिकची आणखी काही मुले जाऊन मिळाली. त्यांत जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन आणि केरस फरार होते. (लिव्हिंग्स्टनच्या सोबत्यांपैकी सुसीबरोबर प्रसिद्ध झालेल्या चूमाला अनेकदा नाशिकचा म्हटले जाते, तो मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या छत्राखाली होता.) मे १८७३ मध्ये चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा सोबत एकही गोरा माणूस नव्हता. या माणसांनी त्याचे काळीज झाडाखाली पुरले. वेनराइटने इंग्रजीतून अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर मृताचे नाव व तारीख कोरली. मग मीठ लावून वाळवलेला देह झाडाच्या सालीत आणि शिडाच्या कापडात गुंडाळून सोबत्यांनी तो हजार मैलांहून अधिक अंतर वाहत किनाऱ्यावर आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये शवपेटी धरणाऱ्यांत वेनराइट होता. शरणपूरच्या शाळेने काय घडवले हे यावरून ठरवायचे की थकलेल्या माणसाच्या तक्रारींवरून, याचा निवाडा मला अवघड वाटत नाही.

ब्रिटिश मुत्सद्दी बार्टल फ्रिअर यांच्या खटपटीने १८७३ मध्ये झांझिबारच्या सुलतानाने गुलामांचा बाजार बंद करण्याचा करार केला. मग प्राइस मोम्बासाला गेले आणि १८७५ च्या सुमारास तिथे फ्रिअरटाउन ही वसाहत उभी राहिली. सुटलेली मुले आता मुंबईऐवजी तिथे उतरू लागली. त्यांना सांभाळायला, शिकवायला, घरे बांधायला मुंबई-नाशिककडची सुमारे दीडशे माणसे गेली. लोक त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. संख्या थोडी आहे, एवढ्यावरून इतिहास ठरत नाही, असे कोणी म्हणेल. पण नव्या वसाहतीत दोन्ही जग ओळखणारी आणि हातात कसब असलेली माणसे तीच होती. अधिकाराच्या जागा मात्र बराच काळ गोऱ्यांकडे राहिल्या. जोन्स आणि सेमलर यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली ती १८८५ मध्ये, आफ्रिकेत परतल्यावर एकवीस वर्षांनी.

नाशिकच्या इतिहासात पेशवाई येते, कुंभमेळा येतो, काळाराम मंदिराचा सत्याग्रह येतो, आणि ते सगळे यायलाच हवे. शरणपूर रोडवरून रोज हजारो लोक जातात. त्या रस्त्यावर जोन्स, सेमलर, डेव्हिड, वेनराइट आणि वेलिंग्टन यांच्या नावांचा एक फलक महापालिकेने लावावा, आणि शहरातल्या शिक्षकांनी स्थानिक इतिहास शिकवताना ही नावे मुलांना सांगावीत.