काचेखालची फुलं आणि राळेतली वरमाला

आजचा विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल, इतिहासाच्या व्याख्यानात लग्नाचे हार कुठून आले? सांगतो. माझ्या भाचीनं लग्नातली वरमाला रेझिनमध्ये ओतून घेतली. गुलाब, निशिगंध, मधे जरीचा गोंडा, अशी सुंदर चौकट झाली होती. दीड वर्षात गुलाब तपकिरी पडले आणि पाकळ्यांभोवती धुरकट ढग दिसायला लागले. ती रडवेली होऊन म्हणाली, "मामा, कायमचं राहील असं सांगितलं होतं रे त्यांनी!" आज या 'कायमचं'चाच इतिहास बघू.

रेझिन म्हणजे राळ. राळेत वस्तू टिकते, हा शोध आधी झाडांचा. बाल्टिक समुद्राकाठी मिळणारं अंबर म्हणजे दगड झालेली राळच. त्यात अडकलेल्या मुंग्या आणि माश्या पाहून रोमन लेखक प्लिनीनं ओळखलं होतं, की हे मूळचं पातळ असणार. याच अंबरात २८ मिलिमीटर रुंदीचं एक फूल सापडलं. त्याचं पहिलं वर्णन १८७२ साली झालं. २०२३ मध्ये त्याचे परागकण तपासून त्याचं कूळ नव्यानं ठरवलं गेलं. वय साडेतीन कोटी वर्षांच्या आसपास! म्हणजे राळेत फूल राहतं, हे खरंच आहे. पण झाडांवरून गळालेली असंख्य फुलं मातीत गेली आणि त्यातलं एखादंच राहिलं, हेही तितकंच खरं.

माणसानं फुलं ठेवायला सुरुवात केली ती आधी अभ्यासासाठी. सोळाव्या शतकात इटलीत लुका गिनी नावाचे वनस्पतीचे अध्यापक होते. झाडाझुडपांचे नमुने कागदात दाबून, वाळवून ठेवायची पद्धत रुजवण्याचं श्रेय त्यांना देतात. रंग गेला तरी त्यांचं अडत नव्हतं. त्यांना आकार हवा होता.

लग्नाचं फूल मात्र आठवणीसाठी ठेवायचं असतं, आणि तिथं रंग गेलेला चालत नाही. १० फेब्रुवारी १८४० रोजी व्हिक्टोरिया राणीचं लग्न झालं. राणीनं डोक्यावर नारिंगीच्या फुलांचा मुकुट घातला होता. ही चाल युरोपात त्याआधीही होती, पण राणीमुळे तिचा बोलबाला झाला. आता नारिंगीचा बहर काही मुहूर्त बघून येत नाही. मग मेणाची फुलं आली.

इथं फ्रान्समधली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात तिकडच्या घरांत 'ग्लोब द मारिए', म्हणजे नवरीची काचघुमटी, दिसू लागली. लाकडी बैठक, तिच्यावर मखमलीची छोटी उशी, भोवती सोनेरी मुलाम्याची पितळी पानं, लहान लहान आरसे आणि वरून काचेचा घुमट. लग्न लागलं की नवरीचा मेणाच्या फुलांचा मुकुट त्या उशीवर ठेवायचा. आरशांनाही अर्थ असे. अमुक आरसे म्हणजे तितकी मुलं व्हावीत अशी इच्छा, असंही सांगतात.

यातल्या दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, ते फूल मुळात खरं नव्हतंच. म्हणून ते टिकलं, आणि आजही फ्रान्सच्या संग्रहालयांत अशा घुमट्या बघायला मिळतात. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. तो घुमट उचलता यायचा. पुढं संसारात जे घडेल त्याच्या खुणा आत जात. मुलाच्या बाप्तिस्म्याची आठवण, केसांची बट, एखादं छायाचित्र. म्हणजे लग्नाचा तो एक दिवस बंद करून ठेवलेला नव्हता. त्यात भर पडत होती.

आता रसायनशास्त्राकडे येऊ. चपलांच्या नव्या खोक्यात ती छोटी पुडी असते ना, ती सिलिका जेलची. ते करायची रीत अमेरिकेत वॉल्टर पॅट्रिक यांनी शोधली, पेटंट १९१९चं. त्यात फूल पुरलं की पाणी शोषलं जातं आणि आकार बराचसा टिकतो. दुसरा धागा स्वित्झर्लंडचा. पिएर कास्तां हे दातांसाठी लागणारं साहित्य शोधत होते. त्यांच्या हाती लागलं इपॉक्सी. पुढं सिबा कंपनीनं ते १९४६ साली अरल्डाइट या नावानं बाजारात आणलं. होय, तेच! दोन नळ्यांतलं थोडं थोडं कालवून आपण फुटकी बरणी चिकटवतो ते. वरमालेवर ओततात ते याच जातीचं, फक्त पातळ आणि पारदर्शक.

मग भाचीच्या हाराचं काय झालं? पाकळीत बहुतांश पाणीच असतं. ते पुरतं गेलं नाही तर आत कोंडतं, फूल काळवंडतं, राळ धुरकटते. घट्ट होताना राळ तापते, त्यामुळे एकदम जाड थर ओतला तर फूल भाजल्यासारखं होतं. आणि सगळं नीट केलं तरी उन्हातल्या अतिनील किरणांनी इपॉक्सी हळूहळू पिवळं पडतंच. ते लांबवता येतं, टाळता येत नाही. वर पुन्हा ते वितळवून फूल बाहेर काढता येत नाही. संग्रहालयात वस्तू जपणारी माणसं शक्यतो उलटवता येईल असाच उपाय करतात, ते यासाठीच.

आपल्याकडची रीत काय होती? फुलं निर्माल्यात जायची. शालू आणि मोत्यांच्या मुंडावळ्या मात्र ट्रंकेत राहायच्या. पुढं शालू लेकीनं नेसायचा, मुंडावळ्या धाकट्या भावाच्या लग्नात निघायच्या. जे परत वापरता येईल ते ठेवायचं, बाकीचं हात जोडून सोडायचं.

म्हणून रेझिन करूच नका, असं मी म्हणत नाही. करायचं तर फुलं पुरती वाळवून घ्या, थर पातळ ओतायला सांगा, चौकट उन्हात टांगू नका. आणि 'कायमचं' म्हणणाऱ्याला जरा विचारा, कायमचं म्हणजे किती वर्षं?

भाचीनं ती चौकट टाकली नाही. भिंतीवरून काढून तिनं ती कपाटात शालूशेजारी ठेवली. आता त्याच कप्प्यात तिच्या मुलीचं बारशाचं कुंची-झबलंही आहे. तिला त्या फ्रेंच घुमटीबद्दल मी तोवर काही सांगितलेलं नव्हतं.